अस्थैर्याची तीन अंगे आणि सीमेवरचा जिल्हा : उस्मानाबाद (धाराशिव), १९४७-४८

प्रस्तावना

राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास या तिन्ही विषयांच्या अध्यापनात ‘अस्थैर्य’ ही संज्ञा वारंवार येते. तिची उदाहरणे मात्र आपण बहुधा दूरची घेतो. दोन महायुद्धांमधील जर्मनी, फाळणीच्या वेळचा पंजाब किंवा एखादे आफ्रिकी राष्ट्र यांचा दाखला दिला जातो. वस्तुतः राजकीय सत्ता, अर्थव्यवहार आणि बाह्य संबंध ही तिन्ही अंगे एकाच वेळी डळमळीत झाल्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात उपलब्ध आहे. जून १९४७ ते सप्टेंबर १९४८ या सुमारे पंधरा महिन्यांत हैदराबाद संस्थानात जे घडले, त्याचे पडसाद तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात विशेष तीव्रतेने उमटले.

प्रस्तुत लेखाचा उद्देश या काळाचा संपूर्ण इतिहास सांगणे हा नाही. अस्थैर्य निर्माण करणारे घटक परस्परांशी कसे जोडलेले असतात आणि त्यांपैकी मूळ घटक कोणता, हे या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे एवढाच मर्यादित हेतू आहे.

जिल्ह्याचे स्थान

तत्कालीन उस्मानाबाद जिल्हा म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा नव्हे. आज स्वतंत्र असलेल्या लातूर जिल्ह्याचा काही भाग त्यात समाविष्ट होता. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला, तर धाराशिव हे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे पुन्हा प्रचारात आले.

जिल्ह्याच्या पश्चिमेस मुंबई प्रांताचा सोलापूर जिल्हा होता. बार्शी तालुका तर बऱ्याच अंशी संस्थानी मुलखात शिरलेला होता. कुर्डुवाडीहून बार्शी, येडशीमार्गे लातूरला जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी ही सीमा ओलांडत असे. शेतमाल, व्यापारी, विद्यार्थी आणि वर्तमानपत्रे यांची ये-जा याच वाटांनी चाले. सीमा राजकीय होती. भाषा, बाजार आणि सोयरसंबंध मात्र दोन्ही बाजूंना सारखेच होते.

या जिल्ह्याचे आणखी एक वैशिष्ट्य नोंदविले पाहिजे. रझाकार संघटनेचे नेते कासीम रझवी हे लातूर येथे वकिली करीत असत आणि स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी काही वर्षे याच जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत अध्यापन केले होते. संघर्षाच्या दोन्ही बाजूंची नेतृत्वे अशा रीतीने एकाच जिल्ह्याशी संबंधित होती.

राजकीय अंग : बळाची मक्तेदारी सुटते तेव्हा

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१९ मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात राज्याची व्याख्या करताना, विशिष्ट भूप्रदेशात बळाच्या वैध वापराची मक्तेदारी असणारी संस्था म्हणजे राज्य, असे प्रतिपादन केले. ही मक्तेदारी ढासळली की राज्याचे बाह्य रूप टिकून असले तरी त्याचा गाभा नाहीसा होतो. हैदराबादच्या बाबतीत नेमके हेच घडले.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्ये आपले संस्थान भारत किंवा पाकिस्तान यांपैकी कोणत्याही राष्ट्रात सामील होणार नाही, असे जाहीर केले. या निर्णयामागे प्रजेची संमती नव्हती. ती अजमावण्याचे साधनही नव्हते. १९३८ मध्ये स्थापन होत असतानाच बंदी घातली गेलेल्या स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ मध्ये उठली. त्याच सुमारास आणलेल्या राजकीय सुधारणांत, लोकसंख्येत बहुसंख्य असलेल्या हिंदूंना आणि अल्पसंख्य मुस्लिमांना विधिमंडळात समान जागा ठेवण्यात आल्या. स्टेट काँग्रेसने या निवडणुकांवर बहिष्कार टाकला. सनदशीर मार्ग अशा प्रकारे मुळातच अरुंद होता.

रिकाम्या राहिलेल्या या जागेत मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या पक्षाची रझाकार ही स्वयंसेवक संघटना शिरली. २७ ऑक्टोबर १९४७ ची घटना या दृष्टीने फार बोलकी आहे. भारत सरकारशी वाटाघाटी करण्यासाठी दिल्लीस निघालेल्या शिष्टमंडळातील सदस्यांच्या निवासस्थानांना जमावाने पहाटे वेढा घातला. त्यांत संस्थानचे पंतप्रधान नवाब छतारी यांचाही समावेश होता. शिष्टमंडळाचे प्रयाण रद्द झाले आणि छतारी पदावरून गेले. आपल्याच पंतप्रधानास घराबाहेर पडण्याची हमी जे सरकार देऊ शकत नाही, ते खेड्यातील शेतकऱ्यास कोणती हमी देणार? डिसेंबर १९४७ पासून मीर लायक अली पंतप्रधान झाले. परंतु रझाकारांना आवर घालणे त्यांच्या सरकारला जमले नाही. खंडणी, लूट, जाळपोळ आणि हत्या यांमुळे सीमेलगतच्या गावांतील अनेक कुटुंबांनी बार्शी, सोलापूरकडे स्थलांतर केले.

दुसऱ्या बाजूस स्टेट काँग्रेसच्या कृतिसमितीने संस्थानच्या सीमेवर, मुंबई प्रांताच्या हद्दीत, सशस्त्र कार्यकर्त्यांची शिबिरे उभी केली. तेथून करोडगिरी नाके आणि पोलीस चौक्या यांवर हल्ले होऊ लागले. तेलंगणात १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होताच. या संघटनांचे हेतू एकसारखे नव्हते आणि त्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. तथापि राज्याच्या दृष्टीने परिणाम एकच होता : शस्त्र आता केवळ राज्याच्या हाती उरले नव्हते.

आर्थिक अंग : चलन, जकात आणि टंचाई

संस्थानचे स्वतःचे चलन होते. उस्मानिया सिक्का अर्थात ‘हाली’ आणि भारतीय ‘कलदार’ रुपया यांचा विनिमयदर स्थूलमानाने सात हालीस सहा कलदार असा होता. संस्थानची जकात, म्हणजे करोडगिरी, हीदेखील स्वतंत्र होती. सामान्य परिस्थितीत सीमेवरचा शेतकरी आणि आडत्या दोन्ही नाण्यांचा हिशेब सहज ठेवीत असे.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांबाबत १५ ऑगस्ट १९४७ पूर्वीची व्यवस्था चालू ठेवावी, असा त्याचा आशय होता. त्यानंतर अल्पावधीतच संस्थानने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तर दुसऱ्याने भारतीय चलनाचा संस्थानातील व्यवहार बेकायदा ठरविला. याच सुमारास संस्थानने आपल्याजवळील वीस कोटी रुपयांचे भारत सरकारचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिल्याचे उघड झाले. भारत सरकारने यास कराराचा भंग मानले. उलट, भारताने आपली आर्थिक नाकेबंदी केली असून जीवनावश्यक वस्तू आणि औषधे मिळेनाशी झाली आहेत, अशी तक्रार हैदराबाद सरकार करू लागले. भारत सरकारने हा आरोप मान्य केला नाही.

आर्थिक निर्णय आणि राजकीय निर्णय यांत येथे भेद उरला नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. चलनबंदी ही सार्वभौमत्वाची घोषणा होती. तिची झळ मात्र राजधानीपेक्षा सीमेवरील बाजारपेठांना अधिक लागणे स्वाभाविक होते. ज्या गावाचा शेतमाल बार्शीच्या पेठेत विकला जाई, त्या गावाच्या हाती येणारे नाणेच आता आपल्या हद्दीत बेकायदा ठरले होते. व्यवहारावरचा विश्वास उडाला की माणूस संरक्षणासाठी जवळच्या बळकट गटाकडे पाहू लागतो. आर्थिक अस्थैर्य राजकीय अस्थैर्यास असे खतपाणी घालते.

आंतरराष्ट्रीय अंग : सार्वभौमत्वाचा दावा

‘आम्ही सार्वभौम आहोत’ असे म्हणणे पुरेसे नसते. ते इतरांनी मान्य करावे लागते. हैदराबादला समुद्रकिनारा नव्हता आणि त्याच्या चहूबाजूंना भारताचा प्रदेश होता. ऑस्ट्रेलियन वैमानिक सिडनी कॉटन याने कराचीहून विमानाने शस्त्रे आणून देण्याचा उद्योग केला. परंतु अशा मार्गाने राज्याचे संरक्षण होणे शक्य नव्हते.

लॉर्ड माउंटबॅटन यांच्या कारकिर्दीअखेर, जून १९४८ मध्ये, तडजोडीचा शेवटचा प्रयत्नही फसला. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नोंदविली. काश्मीरचा प्रश्न जानेवारी १९४८ पासूनच समितीपुढे असल्याने भारत सावध होता. हैदराबाद हा अंतर्गत प्रश्न आहे, अशी भारताची भूमिका होती. पुढे लष्करी मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ हे नाव देण्यामागेही हीच भूमिका होती. शब्दाची निवड येथे केवळ भाषेची बाब नव्हती. आंतरराष्ट्रीय कायद्यातील स्थान त्या शब्दावर अवलंबून होते.

सुरक्षा समितीची बैठक पॅरिस येथे १६ सप्टेंबर १९४८ रोजी झाली, तेव्हा बर्लिनच्या नाकेबंदीने महासत्तांचे लक्ष वेधून घेतले होते आणि भारतीय सैन्य हैदराबादच्या सीमेत शिरून तीन दिवस झाले होते. विषयपत्रिकेवर तक्रार घेण्यात आली. पण २२ सप्टेंबर रोजी निजामाने ती मागे घेतल्याचे कळविले. आंतरराष्ट्रीय व्यासपीठाने प्रश्न सुटला नाही. मदत येईल या आशेने संस्थानची हटवादी भूमिका मात्र लांबत गेली.

१३ सप्टेंबर आणि त्यानंतर

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याची पहिली महत्त्वाची चकमक नळदुर्ग येथे झाली. बोरी नदीवरील पूल शाबूत हाती आल्याने पुढील वाट मोकळी झाली. त्याच दिवशी सैन्य जळकोटमार्गे उमरग्यापर्यंत पोहोचले. तुळजापूर येथे संस्थानी सैन्य आणि रझाकार यांनी सुमारे दोन तास प्रतिकार केला. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी संस्थानी सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे औपचारिक शरणागती दिली.

येथे आपले कथन बहुधा थांबते. अस्थैर्याचा अभ्यासक मात्र येथे थांबू शकत नाही. पंतप्रधान नेहरू यांच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांचा दौरा केला. पोलीस कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात किमान सत्तावीस ते चाळीस हजार लोक मारले गेले, असा या समितीचा अंदाज होता. मृतांत बहुसंख्य मुस्लीम होते. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत समितीने गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांच्यासमवेत उस्मानाबादचा समावेश केला. लातूरमध्ये हिंसा वीस दिवसांहून अधिक काळ चालली आणि तेथील कच्छी मुस्लीम व्यापाऱ्यांची भरभराटीची पेठ उद्ध्वस्त झाली, असेही समितीने नमूद केले. हा अहवाल त्या काळी प्रसिद्ध करण्यात आला नाही.

समितीचे एक निरीक्षण आपल्या विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. अत्याचार करणाऱ्यांत केवळ रझाकारांचा जाच सोसलेले लोक नव्हते. सैन्याच्या पाठोपाठ सीमेपलीकडून आलेल्या सशस्त्र टोळ्याही होत्या. काही ठिकाणी सैन्य आणि पोलीस दलांतील व्यक्तींचा सहभागही समितीने नोंदविला. त्याचबरोबर अनेक हिंदूंनी प्रसंगी प्राणांची किंमत देऊन मुस्लीम शेजाऱ्यांना वाचविल्याची, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लीम विणकरांचे रक्षण केल्याची नोंदही याच अहवालात आहे. रझाकारांच्या अत्याचारांना बळी पडलेला शेतकरी आणि त्यानंतर मारला गेलेला निरपराध मुस्लीम यांच्यात एक गोष्ट समान होती. दोघांच्याही दारी शस्त्रधारी आला, तेव्हा दाद मागण्यासाठी राज्य तेथे उपस्थित नव्हते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. अस्थैर्याचे मूळ बाह्य हस्तक्षेपात किंवा टंचाईत नसून, बळाच्या वैध वापराचा अधिकार राज्याकडून खासगी संघटनांच्या हाती जाण्यात असते. आर्थिक आणि आंतरराष्ट्रीय घटक त्याची तीव्रता वाढवितात.

२. प्रतिनिधित्वाचा सनदशीर मार्ग बंद किंवा अरुंद असेल, तर ही प्रक्रिया वेग घेते.

३. सीमावर्ती प्रदेश अस्थैर्याची किंमत सर्वांत आधी आणि सर्वांत उशिरापर्यंत मोजतो.

४. सत्तांतराचा दिवस आणि स्थैर्याचा दिवस एकच नसतात. हैदराबादमध्ये लष्करी प्रशासन १९४९ अखेरपर्यंत राहिले आणि निवडून आलेले सरकार १९५२ मध्ये अधिकारावर आले. जहागिरदारीचे उच्चाटन (१९४९) आणि कूळकायदा (१९५०) यांच्याद्वारे शेतकऱ्याच्या हक्कांना कायद्याचा आधार मिळू लागला, तेव्हा स्थैर्याची पायाभरणी झाली.

समारोप

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी आपल्या महाविद्यालयांत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो आणि तो साजरा झालाच पाहिजे. निरंकुश सत्तेविरुद्ध सामान्य माणसाने दिलेला तो लढा होता. परंतु त्या दिवशी आपण विद्यार्थ्यांस अर्धाच इतिहास सांगत असू, तर अस्थैर्य म्हणजे काय हे त्यास कधीच उमगणार नाही. ते नेहमी ‘दुसऱ्यांनी’ निर्माण केलेले असते, असा त्याचा समज होईल. मुक्तीचा अभिमान आणि त्यानंतरच्या हानीची जाणीव या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. ज्या राज्याच्या प्राप्तीसाठी हा लढा झाला, ते प्रत्येक नागरिकाचे सारखेच रक्षण करणारे राज्य होते. त्या काळाच्या आठवणी सांगणारी वयोवृद्ध माणसे आता गावोगावी मोजकीच उरली आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या आठवणी विद्यार्थ्यांकरवी नोंदवून घेणे, हे या जिल्ह्यातील अध्यापकांसमोरचे निकडीचे कार्य आहे.