एका रांगेत धावणारे बिट

संगणक असो वा विमानातील उपकरणे, त्यांची भाषा ० आणि १ या दोनच अंकांची. यातला प्रत्येक अंक म्हणजे एक बिट. समजा, विमान १००० फुटांवर उडते आहे आणि उंचीचा हा आकडा वैमानिकाच्या पडद्याकडे निघाला आहे. द्विमान पद्धतीने लिहिलेल्या या संख्येत उजवीकडून तेरावा बिट वाटेत ० चा १ झाला, तर पडद्यावर ५०९६ फूट दिसतील. समोर डोंगर असेल तर या एका बिटाची किंमत काय, हे सांगायला नको. माहिती किती वेगाने जाते याइतकेच ती जशीच्या तशी पोहोचते का, हेही महत्त्वाचे आहे.

ओळीऐवजी एकेरी रांग

पूर्वी वेग वाढवायचा तर तारा वाढवत. आठ किंवा सोळा तारांतून तेवढे बिट एकाच वेळी पाठवत. ही पॅरलल पद्धत. जुन्या हार्ड डिस्कची रुंद, पट्टीसारखी केबल तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिच्या जोडाला ४० पिनांची जागा असे आणि वेग सेकंदाला १३३ मेगाबाइटपर्यंत जाई. २००३ मध्ये सीरियल एटीए आली. तिच्या माहितीच्या जोडाला फक्त ७ पिना, पण वेग १५० मेगाबाइट. पुढे तो ६०० पर्यंत गेला.

तारा कमी करून वेग कसा वाढला? उत्तर कवायतीच्या मैदानावर सापडते. खांद्याला खांदा लावून चालणारी आठ जणांची ओळ ‘धीरे चल’मध्ये सरळ राहते. तीच ओळ दौडू लागली की कोणी पुढे जातो, कोणी मागे पडतो. तारांच्या लांबीत किंचित फरक असला तरी बिट असेच पुढेमागे पोहोचतात आणि वेग वाढला की एका ओळीतला बिट दुसऱ्या ओळीत मोजला जातो. बिट एकामागून एक पाठवले, तर ओळ मोडण्याचा प्रश्नच उरत नाही.

वेगाच्या अडचणी

तरी एकेरी रांगेलाही अडचणी आहेत. सेकंदाला १० गिगाबिट या वेगात एका बिटाच्या वाट्याला सेकंदाचा एक हजार कोटीवा भाग येतो. तेवढ्यात सर्किट बोर्डावरील तांब्याच्या रेषेत संकेत जेमतेम दीड सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे वीतभर रेषेत दहापेक्षा जास्त बिट एकाच वेळी वाटेत असतात. जोड सैल असेल किंवा केबल दुमडली असेल, तर तेथून संकेताचा काही भाग प्रतिध्वनीसारखा मागे फिरतो. आजूबाजूची मोटर किंवा वायरलेस संच गोंगाटाची भर घालतो. शिवाय लांब वाटेत जलद बदल जास्त क्षीण होतात, त्यामुळे बिटाची धार बोथट होते आणि त्याचे शेपूट मागच्या बिटावर पडते.

यावर तीन मुख्य उपाय आहेत. पहिला म्हणजे तारांची जोडी. एकीत संकेत जसाच्या तसा, दुसरीत नेमका उलटा. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि घेणारा फक्त दोघींतला फरक मोजतो, म्हणून गोंगाट वजा होतो. दुसरा उपाय इक्वलायझेशनचा. वाटेत जे क्षीण होणार, ते पाठवणारा आधीच जोरकस करतो आणि उरलेली भरपाई घेणारा करतो.

तिसरा उपाय तालाचा. घड्याळाच्या ठोक्यांसाठी वेगळी तार नसते. घेणारा ० आणि १ यांच्या अदलाबदलीवरूनच ताल पकडतो. सलग पन्नास शून्ये आली, तर ती पन्नास की एकावन्न हे त्याला कळेनासे होते. यासाठी आयबीएमच्या संशोधकांनी १९८३ मध्ये ‘८बी/१०बी’ ही सांकेतिक पद्धत मांडली. तीत ८ बिटांच्या जागी १० बिट असे निवडून पाठवतात, की सलग पाचपेक्षा जास्त बिट सारखे येऊच नयेत. यात वाहतुकीचा पाचवा हिस्सा खर्ची पडतो, पण ताल सुटत नाही.

चूक झालीच तर?

एवढे करूनही चुका शून्यावर येत नाहीत. एक लाख कोटी बिटांमागे एक चूक, हे चांगल्या दुव्याचे प्रमाण मानले जाते. ऐकायला ते उत्तम वाटते. पण १० गिगाबिटच्या वेगाने एक लाख कोटी बिट अवघ्या १०० सेकंदांत जातात! म्हणून खरा भरवसा चुकीनंतरच्या शिस्तीवर उभा असतो.

संगणकातील पीसीआय एक्स्प्रेस दुव्याचे उदाहरण घ्या. त्याच्या पहिल्या पाच पिढ्यांत माहितीच्या प्रत्येक पाकिटाला क्रमांक असतो आणि सोबत ३२ बिटांची तपासणी-संख्या, म्हणजे सीआरसी. सगळा मजकूर एक मोठी संख्या मानून तिला ठरलेल्या भाजकाने विशिष्ट रीतीने भागायचे आणि उरलेली बाकी मागे जोडायची, ही तिची कल्पना. घेणारा पुन्हा भागून पाहतो. बाकी जुळली तर पावती देतो, नाही जुळली तर पाकीट टाकून देतो आणि पुन्हा मागतो. पावती येईपर्यंत पाठवणारा आपली प्रत पुसत नाही. वायरलेसवर संदेश परत म्हणून दाखवण्याचा नियम असतो, त्यामागचे कारण हेच.

२०२२ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीने एक धाडसी पाऊल टाकले. वेग इतका वाढला, की दहा लाख बिटांमागे एक चूक होईल हे गृहीतच धरले. मग जास्तीचे बिट जोडून बऱ्याचशा चुका घेणाऱ्यानेच दुरुस्त करायच्या आणि उरलेल्या सीआरसीने पकडायच्या, अशी योजना केली. चुका आपल्या आपण दुरुस्त करणारे असे संकेत रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच मांडले होते.

लढाऊ विमानात मात्र वेगापेक्षा खात्रीला आधी मान मिळतो. आपल्या तेजसमध्येही असलेली ‘१५५३बी’ ही वाहिनी सेकंदाला फक्त १ मेगाबिट नेते. पण १६ बिटांच्या प्रत्येक शब्दासोबत तपासणीचा एक बिट असतो, सर्वांना उद्देशून दिलेले संदेश वगळता आज्ञेला उत्तर येणे बंधनकारक असते आणि एक केबल तुटली तर दुसरी तयार असते.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. सीरियल एटीए डिस्क सीआरसीच्या चुका स्वतः मोजून ठेवते आणि डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा पाहता येतो. संगणक अडखळू लागला आणि हा आकडा वाढत असेल, तर डिस्क टाकून देण्याआधी केबल काढून नीट बसवा किंवा बदलून पाहा. अनेकदा दोष डिस्कचा नसून सैल जोडाचा असतो.