बारोलो : टेकडीची चव बाटलीत उतरते का?

शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्ही किण्वनाविषयी बोलत होतो. द्राक्षातल्या साखरेपासून यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते, हे फळ्यावर लिहून झाले. तेव्हा एका बाईंनी विचारले, "सर, समीकरण जगभर एकच आहे. मग अमुक टेकडीवरची वाइन वेगळी, पलीकडच्या टेकडीवरची वेगळी असे म्हणतात, ते खरे की निव्वळ जाहिरात?" प्रश्न मद्य चांगले की वाईट हा नव्हता, दाव्याची पारख कशी करायची हा होता. त्यासाठी आपण इटलीतल्या बारोलो या लाल वाइनचे उदाहरण घेऊ.

इटलीच्या वायव्येला पीडमाँट नावाचा प्रांत आहे. नावाचा अर्थच 'डोंगराचा पायथा'. त्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला आल्प्स पर्वत आहे. तुरीन शहराच्या दक्षिणेला, तानारो नदीच्या उजव्या तीराला लांगे नावाच्या टेकड्यांची रांग लागते. तिथल्या बारोलो गावावरून वाइनला नाव पडले. पण बारोलोसकट 11 गावांच्या हद्दीत ती बनते. द्राक्षाची जात मात्र एकच, नेब्बिओलो. 'नेब्बिया' म्हणजे धुके. तोडणीच्या दिवसांत दऱ्यांत साचणाऱ्या धुक्यावरून हे नाव आले, असे कोणी म्हणतात. पिकलेल्या मण्यावर जो पांढरट मेणचट थर येतो, त्यावरून आले असेही सांगतात.

नेब्बिओलोचा स्वभाव अडचणीचा आहे. तिला कोंब लवकर फुटतात आणि फळ उशिरा पिकते. परंपरेने तोडणी ऑक्टोबरात होई. म्हणजे वसंतातल्या उशिरा पडणाऱ्या दहिवराचा धोका आणि शरदातल्या उन्हाची टंचाई, दोन्ही तिच्या वाट्याला. यावर तिथल्या शेतकऱ्यांनी काढलेला तोडगा भूमितीचा आहे.

थोडे गणित करू. लांगे सुमारे 44.5 उत्तर अक्षांशावर आहे. 23 सप्टेंबरच्या सुमारास तिथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 45.5 अंशांवर असतो. सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर पडणारे ऊन या कोनाच्या साइनच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे 0.71 पट. आता दक्षिणेकडे 20 अंश उतरती जमीन घ्या. कोन 65.5 अंश होतो आणि साइन 0.91. तेवढ्याच जागेवर ऊन जवळजवळ सव्वापट! शिवाय रात्री थंड हवा जड होऊन दरीत उतरते, त्यामुळे उतार दहिवरापासून काहीसा वाचतो. हेच गणित नाशिकसाठी, सुमारे 20 अंश अक्षांश धरून करा. सपाट जमिनीवरच 0.94 येते. आपल्याकडे द्राक्षबागेला उताराची एवढी गरज का भासत नाही, ते मुलांना लगेच उमगेल.

आता चवीकडे वळू. बारोलोचा रंग फिका असतो आणि तो लवकर विटकरी होतो. पण चव मात्र अतिशय तुरट. फिका रंग पाहून कोणालाही ती सौम्य वाटेल. रंग आणि तुरटपणा ही दोन वेगळ्या पदार्थांची कामे आहेत. रंग अँथोसायनिनांचा. बहुतेक काळ्या द्राक्षांत त्यांपैकी माल्व्हिडिनाचा वाटा मोठा असतो. नेब्बिओलोत पिओनिडिन आणि सायनिडिन यांचे प्रमाण जास्त; सायनिडिनाचे ऑक्सिडीभवन चटकन होते, म्हणून रंग टिकत नाही. तुरटपणा टॅनिनांचा. ती साल आणि बिया यांतून येतात.

तुरट ही खरे तर जिभेवरच्या रुचिकलिकांची 'चव' नसून स्पर्श आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते, लाळेचा ओशटपणा जातो आणि तोंड आवळल्यासारखे वाटते. कच्चे जांभूळ, सुपारी, हिरडा यांचा अनुभव हाच. हिरडा कातडी कमावायला वापरतात, तोही याच गुणामुळे.

वर्गात हे दाखवायला वाइन लागत नाही. चहाची पूड दहा मिनिटे उकळा. गार झालेला काढा चमचाभर चाखा आणि मग त्यात दूध घालून पुन्हा चाखा. तुरटपणा उतरतो, कारण टॅनिन आता दुधातल्या केसिनला चिकटले. दुसरा प्रयोग काळ्या द्राक्षांच्या सालींचा. साली कोमट पाण्यात चुरडून गाळा. एका भागात लिंबू पिळा, दुसऱ्यात खायचा सोडा टाका आणि रंग पाहा.

इतका तुरट पदार्थ मवाळ व्हायला वेळ लागतो. लाकडी पिंपातून हळूहळू शिरणाऱ्या ऑक्सिजनच्या मदतीने टॅनिने एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडली जातात. काही गाळ होऊन तळाशी बसतात. म्हणून बारोलो किमान 38 महिने मुरवावी आणि त्यांतले 18 महिने लाकडात, असा नियमच आहे.

मग मातीचे काय? इथल्या टेकड्या म्हणजे प्राचीन समुद्रतळाचा चिखल. पश्चिमेकडच्या ला मोर्रा गावाकडे टोर्टोनियन काळातले, सुमारे 1.16 कोटी ते 72 लाख वर्षांपूर्वीचे थर आहेत. पूर्वेकडच्या सेरालुंगाकडचे थर त्याहून जुने. टोर्टोनियन हे नाव पीडमाँटमधल्याच टोर्टोना गावावरून भूशास्त्रात गेले आहे. ला मोर्राची वाइन मवाळ, सेरालुंगाची कणखर, असे जाणकार सांगतात. मात्र खडकातली खनिजे मुळांवाटे चढून जिभेवर उतरतात, या समजुतीला आधार नाही. माती काम करते ती पाणी किती धरते, किती सोडते आणि किती तापते यांतून. त्यावर वेलीची वाढ, मण्याचा आकार आणि सालीचे प्रमाण ठरते. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे : फरक खरा असू शकतो, पण कारण सांगितले जाते ते नेहमीच खरे नसते.

या नावाला इटलीच्या कायद्याने 1966 साली संरक्षण दिले आणि 1980 साली सर्वांत वरचा दर्जा दिला. दरीतली आणि उत्तरेकडे उतरती जमीन वर्ज्य आहे; हेक्टरी 8 टनांहून जास्त द्राक्षे घेता येत नाहीत. आपल्या बागायतदारांना हा आकडा ऐकून हसू येईल! पण कायदा कागदावर असून भागत नाही. मार्च 1986 मध्ये याच टापूतल्या नार्झोले गावातून निघालेल्या स्वस्त वाइनमध्ये अल्कोहोलचे प्रमाण वाढवण्यासाठी मिथेनॉल मिसळलेले आढळले. वीसहून अधिक माणसे मेली, काहींची दृष्टी गेली. ती बारोलो नव्हती. पण लेबलावरचा विश्वास साऱ्या प्रदेशाचा उडाला. त्याच वर्षी भेसळ रोखण्यासाठी इटलीला नवा कायदा करावा लागला.

इथेनॉल आणि मिथेनॉल यांत फरक एका कार्बन अणूचा. पण यकृतात मिथेनॉलचे फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल होते. ते पेशींचे श्वसन रोखते. दृष्टिचेता आधी बळी पडते. वासाने किंवा चवीने ही भेसळ ओळखता येत नाही. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभरहून अधिक माणसे याच विषाने गेली. सेंद्रिय रसायनशास्त्रातला हा धडा केवळ परीक्षेपुरता नाही, हे वरच्या वर्गांना जरूर सांगावे.

2014 साली युनेस्कोने या द्राक्षटेकड्यांना जागतिक वारशात स्थान दिले. मात्र हवामान तापते आहे आणि तोडणी ऑक्टोबरातून सप्टेंबरकडे सरकू लागली आहे. पूर्वी टाळलेल्या थंड उतारांकडे शेतकरी आता नव्याने पाहत आहेत. तापमान आणखी वाढले, तर वरच्या गणितातला कोणता उतार फायद्याचा ठरेल? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा.