पाऊस अडवणारे हलके जॅकेट

डोंगरात वापरायचे शेल जॅकेट हे इतर कपड्यांवर चढवायचे सर्वांत बाहेरचे कवच असते. ते स्वतः ऊब देत नाही. आतल्या कपड्यांनी धरलेली ऊब वाऱ्यापावसाने पळवू नये, एवढेच त्याचे काम. साधारण १५० ते ३०० ग्रॅम वजनाचे जॅकेट हलके मानतात.

नुसते पाणी अडवायला प्लॅस्टिकचा कागदही पुरतो. खरी अडचण घामाची असते. पाठीवर सॅक घेऊन खडा चढ चढताना तासाला लिटरभर घामही येऊ शकतो, आणि त्याची वाफ बाहेर पडली नाही तर माणूस आतूनच भिजतो. अमेरिकेत बॉब गोर यांनी १९६९ साली टेफ्लॉनच्या जातीचे प्लॅस्टिक झटक्याने ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार केला. १९७६ पासून तो गोर-टेक्स या नावाने कापडात येऊ लागला. त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण वाफ बाहेर जाते. अनेक जॅकेटांत त्याऐवजी पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. त्यातले बरेचसे थर बिनछिद्राचे असून ओलावा त्या पदार्थातूनच झिरपत बाहेर पडतो.

जॅकेटच्या लेबलावर दोन आकडे असतात. पहिला पाणी अडवण्याचा: १०,००० मिलिमीटर म्हणजे कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळत नाही. पावसाच्या माऱ्याला एवढी गरज नसते, पण सॅकचे पट्टे खांद्यावर दाबले जातात आणि ओल्या कातळावर बसावे लागते, तिथे ती लागते. माँ ब्लाँला फेरी घालणाऱ्या यूटीएमबी या प्रसिद्ध डोंगरी शर्यतीत टोपीचे जलरोधक जॅकेट सक्तीचे असते आणि त्यासाठी किमान १०,०००चीच शिफारस केलेली असते. दुसरा आकडा एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ जाते ते सांगतो. त्यावर फार विसंबू नये. चाचणीच्या पद्धती अनेक आहेत, त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कंपनी आपल्याला सोयीची पद्धत निवडू शकते.

शिवाय वाफ आपणहून बाहेर जात नाही. आतल्या आणि बाहेरच्या वाफेच्या दाबातला फरक तिला ढकलतो. हिमालयातल्या हमटा खिंडीसारख्या चार हजार मीटरवरच्या जागी बाहेरची हवा थंड असते, म्हणून पडदा नीट काम करतो. जुलैत हरिश्चंद्रगडावर हवा कोमट आणि बाष्पाने गच्च भरलेली असते. तिथे हा फरक ढोबळ मानाने निम्म्यावर येतो आणि महागड्या पडद्यातही घाम साचतो. कोकणातल्या शेतकऱ्याचे इरले पाठीवर पाऊस घेते आणि खालून मोकळे राहते. सह्याद्रीतल्या जॅकेटलाही तशी हवा खेळती ठेवणारी वाट हवी. त्यामुळे इथे काखेत चेन असलेले, थोडे सैल जॅकेट किंवा चक्क पॉन्चोच बरा. भारी पडद्यावरचा खर्च हिमालयात सार्थकी लागतो. तिथे भिजलेल्या अंगावर वारा लागला की जिवावर बेतू शकते.

जॅकेटची बांधणी साधारण तीन प्रकारची. दोन थरांत पडद्याला आतून सुटे अस्तर असते, म्हणून वजन वाढते. अडीच थरांत अस्तराऐवजी नुसता लेप किंवा छपाई असते; ते सर्वांत हलके, पण उघड्या हातांना चिकटते. तीन थरांत आतून पातळ विणीचे कापड चिकटवलेले असते. ते महाग आणि टिकाऊ. बाहेरच्या कापडाचा धागा डेनियरमध्ये मोजतात, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. १० ते २० डेनियरचे कापड धावणाऱ्याला ठीक. करवंदीच्या जाळीतून घुसणाऱ्याने निदान ३०-४० डेनियरचे घ्यावे.

दुकानात जॅकेट आतल्या उबदार कपड्यावर घालून पाहावे. हात वर केल्यावर कंबर उघडी पडू नये. टोपी मानेबरोबर वळावी, आणि प्रस्तरारोहण करायचे असेल तर ती हेल्मेटवर बसावी. खिसे सॅकच्या कंबरपट्ट्याच्या वर असावेत. सगळ्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, हे उलटे करून बघावे.

“जॅकेट गळतंय” या तक्रारीमागे बरेचदा गळती नसतेच. बाहेरच्या कापडावर पाणी घरंगळून जावे म्हणून दिलेला लेप झिजतो, कापड पाणी पिते, वाफ कोंडते आणि आत दव धरते. पूर्वी या लेपात पीएफएएस गटातली, निसर्गात न कुजणारी रसायने असत. आता ती मागे पडत आहेत. कॅलिफोर्नियात २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांना बंदी आहे. नवे लेप त्वचेच्या तेलाने आणि मळाने लवकर निकामी होतात, म्हणून जॅकेट अधिक वेळा धुवावे लागते. त्यासाठी सौम्य, खास द्रव साबण वापरावा. फॅब्रिक सॉफ्टनर कटाक्षाने टाळावा. लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णता द्यावी, म्हणजे लेप पुन्हा काम करू लागतो. ओलसर जॅकेट घडी करून कपाटात कोंबले तर पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होऊन पापुद्र्यांसारखा सुटतो. तो पुन्हा बसवता येत नाही. म्हणून मे महिन्यातच जॅकेट बाहेर काढून, उलटे करून तपासावे.