कवितेचा पुरावा

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. ते ओसरल्यावर आमच्या घरात चिखलाबरोबर भिजलेल्या पुस्तकांचा ढीग उरला, आणि त्या ढिगात वडिलांनी कधीकाळी घेतलेले मुनव्वर शाहचे ‘येस, आय ॲम गिल्टी’ सापडले. पाने सोडवून पंख्याखाली वाळत घातली. निम्मी एकमेकांना चिकटूनच राहिली. जी सुटली ती वाळवता वाळवता वाचून झाली. हे पुस्तक कॉलेजच्या वयातही वाचले होते, पण तेव्हा केवळ खुनांच्या हकिगतीसाठी. या वेळी वेगळाच प्रश्न मनात राहिला. मृत्यूची वाट पाहत तुरुंगात बसलेला माणूस ‘होय, मी दोषी आहे’ असे लिहितो, तेव्हा त्या लिहिण्याचे कायद्याने काय करायचे?

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातील राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांनी जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून केले. पहिला बळी त्यांच्याच ओळखीतला विद्यार्थी होता. ३१ ऑक्टोबर १९७६ ला जोशी कुटुंबातील तिघे गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात अभ्यंकर कुटुंब मारले गेले. त्यात संस्कृत व्याकरणाचे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, वय वर्षे ८८. त्यांच्या पत्नी होत्या, विशीतली नात आणि नातू होते, आणि घरकामाची बाईही होती. हे सारे इथे मुद्दाम नोंदवतो. पश्चात्तापाविषयी लिहू लागले की लेखणी नकळत जिवंत माणसाकडे वळते. मेलेल्यांच्या बाजूने लिहायला कोणी उरलेले नसते.

सत्र न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने एप्रिल १९७९ मध्ये ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८० मध्ये अपील फेटाळले. २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. पुस्तक मागे राहिले.

आता ३५ वर्षे पुढे येऊ. २० फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ज्ञानेश्वर सुरेश बोरकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात फाशी रद्द करून जन्मठेप दिली. गुन्हा एका लहान मुलाच्या अपहरणाचा आणि खुनाचा. न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शाह यांच्या पीठाने जी कारणे दिली ती अशी: गुन्ह्याच्या वेळी आरोपी २२ वर्षांचा होता, त्याने १८ वर्षे तुरुंगात काढली, तिथे त्याची वागणूक चांगली होती, त्याने बी.ए. पूर्ण केले, आणि तुरुंगात लिहिलेल्या त्याच्या कवितांवरून त्याला आपली चूक उमगली असल्याचे दिसते. कविता बऱ्या की वाईट हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. पण एका माणसाचा जीव वाचवणाऱ्या कारणांत कवितेची गणना झाली, हे आपल्यासारख्या वाचणाऱ्यांनी थांबून पाहण्याजोगे आहे.

या दोन घटनांमध्ये कायदा किती बदलला? कागदावर पाहिले तर फारसा नाही. ९ मे १९८० चा ‘बच्चन सिंग’ निकाल पुण्याच्या खटल्यातील अपील फेटाळले जाण्याच्या सहा महिने आधीचा. त्या निकालाने फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरवली नाही, मात्र ती दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणातच द्यावी असे सांगितले. शिक्षा सौम्य करणाऱ्या गोष्टींत त्याने आरोपी सुधारण्याची शक्यताही धरली, आणि तो सुधारणार नाही हे पुराव्याने दाखवण्याचा भार सरकारवर टाकला. हा भार सरकारने कित्येक वर्षे उचललाच नाही आणि न्यायालयांनीही फारसा मागितला नाही. गुन्ह्याचे क्रौर्य वर्णन करून निकाल संपत असे. डिसेंबर २०१८ मध्ये अमरावतीकडच्या राजेंद्र वासनिक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की सुधारणेची शक्यता गांभीर्याने तपासल्याशिवाय फाशी देता येत नाही.

बारकाईने पाहिले पाहिजे ते नागपूरच्या वसंत दुपारे या खटल्याकडे. २००८ चा गुन्हा, बळी चार वर्षांची मुलगी. पुनर्विचार अर्जात दुपारेच्या वतीने सांगितले गेले की त्याने तुरुंगातून इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा पदवीपूर्व तयारीचा अभ्यासक्रम पूर्ण केला, गांधी विचार परीक्षा दिली, चित्रकला स्पर्धेत भाग घेतला. ३ मे २०१७ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. गुन्ह्याचे अमानुषपण इतके मोठे की या गोष्टी त्याच्यापुढे तोकड्या पडतात, असा त्याचा आशय होता. बोरकरची बी.ए. आणि कविता याच्याआधी दोन वर्षे न्यायालयापुढे आल्या असत्या, तर? किंवा दुपारेची चित्रे दोन वर्षांनी आली असती, तर? दोन्ही गुन्ह्यांत फरक आहेत, वयाचाही फरक आहे, हे मान्य. तरीही परीक्षेचे प्रमाणपत्र एका दालनात वजनदार आणि दुसऱ्यात हलके ठरते तेव्हा तराजूविषयीच शंका येते. याकूब मेमननेही तुरुंगात राहून एम.ए. केले होते. ३० जुलै २०१५ ला नागपुरात त्याला फाशी झाली. १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसे गेली होती, आणि त्यासाठीचे काही सामान आपल्याच कोकण किनाऱ्यावर, शेखाडीला उतरले होते. तिथे पदवीचा विचार कोण करणार होते?

मला स्वतःला बोरकरचा निकाल योग्य वाटतो आणि त्यातले कवितेचे कारण अस्वस्थ करते. लिहिता येणे हे अजूनही आपल्याकडे नशिबावर अवलंबून आहे. फाशीच्या कैद्यांत गरीब, अर्धवट शिकलेले, वकील न परवडणारे लोक मोठ्या संख्येने असतात. ज्याला अक्षर येत नाही, त्याचा पश्चात्ताप कुठल्या कागदावर उतरायचा? एखादा शेजारच्या कोठडीतल्या म्हाताऱ्याला रोज आंघोळ घालत असेल. त्याची नोंद अधीक्षकाच्या वहीत होते का? शिवाय, लिहिता येणाऱ्याला खोटेही लिहिता येते. मुनव्वर शाहचे पुस्तक वाचताना काही पाने खरी वाटतात, काही पानांवर लेखक स्वतःकडे आरशात पाहतो आहे असे वाटते. आत्मचरित्रे वाचणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. न्यायाधीशाला मात्र त्या पानांवर सही करायची असते.

याहून मोठी अडचण दुसरीच आहे. बोरकरच्या निकालानंतर १३ दिवसांनी, ५ मार्च २०१९ रोजी, याच तीन न्यायमूर्तींनी अंकुश मारुती शिंदे आणि इतर पाच जणांना निर्दोष सोडले. हे सहाही जण भटक्या जमातीतले. २००३ मधल्या खून, बलात्कार आणि दरोड्याच्या प्रकरणात त्यांना धरले होते, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांची फाशी पक्की केली होती. सुटताना सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. या सहा जणांना मधल्या वर्षांत कोणी पश्चात्तापाची कविता मागितली असती, तर त्यांनी काय लिहिले असते? न केलेल्या गुन्ह्याचा पश्चात्ताप होत नाही. ‘मी केलेच नाही’ म्हणणारा कैदी सुधारणेच्या परीक्षेत हटवादी, निर्ढावलेला ठरतो. पश्चात्तापाला दयेची किंमत ठरवली तर ती सर्वांत जड जाते ती निरपराध्याला.

मृतांच्या नातेवाइकांचा आक्षेप मात्र यातल्या कशानेच निकालात निघत नाही. मारलेल्या मुलाला बी.ए. करता आले नाही, हे त्यांचे म्हणणे असते आणि त्याला उत्तर नाही. त्यांच्या मनातली दुसरी भीती अधिक व्यावहारिक आहे: जन्मठेप म्हणजे १४ वर्षे, मग माणूस पुन्हा गल्लीत. ही समजूत अर्धीच खरी आहे. १४ वर्षांनंतर सूट मागता येते, ती मिळेलच असे नाही. आणि २००८ च्या ‘स्वामी श्रद्धानंद’ निकालापासून वरिष्ठ न्यायालये सुटीविना ठरावीक वर्षांची शिक्षा देऊ शकतात. पुण्याच्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, दयेच्या अर्जातील आणि पुढच्या कारवाईतील विलंबामुळे, फाशी रद्द करून ३५ वर्षांची शिक्षा दिली. ती डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली. फाशी आणि सुटका यांच्यामध्ये एवढी जागा आहे, हे दूरदर्शनवरच्या चर्चांत कोणी सांगत नाही.

मे २०२२ च्या ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश’ निकालाने या सगळ्याला थोडी शिस्त आणायचा प्रयत्न केला. आरोपीच्या मनःस्थितीचा तज्ज्ञांकडून झालेला तपास सरकारने सत्र न्यायालयातच दाखल करावा, शक्यतो आधी गोळा केलेला, म्हणजे गुन्ह्याच्या काळातला माणूस कसा होता ते कळेल. घर, शिक्षण, गरिबी, आजार यांची माहिती यावी. तुरुंगातली वागणूक, केलेले काम, घेतलेले शिक्षण यांचा अहवाल कारागृहाकडून यावा, आणि अपिलाला वर्षे लागली तर नवा अहवाल मागवावा. दुपारेने याच निकालाचा आधार घेतला. राष्ट्रपतींनी त्याचा दयेचा अर्ज फेटाळलेला असतानाही २५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा दोष कायम ठेवला, फाशी बाजूला सारली आणि केवळ शिक्षेपुरती सुनावणी नव्याने घ्यायचे ठरवले.

२०१७ मध्ये तोकडी ठरलेली ती परीक्षा आणि ती चित्रे आता पुन्हा न्यायालयासमोर ठेवता येतील. या वेळी सोबत मानसतज्ज्ञाचा अहवाल असेल आणि तुरुंगाचाही. तुरुंगाचा अहवाल लिहिणारे अधिकारी दर काही वर्षांनी बदलतात, कैदी तोच राहतो. त्याला १७ वर्षे सलग पाहिलेले बहुधा फक्त दुसरे कैदीच असतील, आणि त्यांची साक्ष अजून कोणी मागितलेली नाही.