मंडळ सोडताना

1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून आली आणि भारताने सुवर्णपदक आणलं. त्या संघात महाराष्ट्राचा अशोक शिंदे होता. रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर या बातमीचं कौतुक झालंच, पण तिचा खरा परिणाम घराघरांत दिसला. चांगलं खेळणाऱ्या पोराला मुंबईत नोकरी लागते, हे खेळणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. आता घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही ते पटलं. तेव्हापासूनच्या पस्तीसेक वर्षांत आमच्या दोन तालुक्यांतल्या जवळजवळ प्रत्येक चांगल्या खेळाडूसमोर एकच पेच पुन्हापुन्हा उभा राहिला. मंडळात राहायचं, की जास्त देणाऱ्याकडे जायचं?

मंडळ म्हणजे काय हे आधी सांगायला हवं, कारण ते न कळता या पेचाचं वजन कळत नाही. भात झोडून झालं की गावाजवळचं एखादं खाचर ठरतं. ढेकळं फोडायची, दगड वेचायचे, माती चाळून पसरायची, संध्याकाळी पाणी मारायचं आणि दुसऱ्या दिवशी धुमसाने चोपायची. हे तीन-चार दिवस चालतं. मग दोरी लावून तेरा मीटर बाय दहा मीटरचं मैदान आखायचं, त्यावर फक्की टाकायची, बांबूला हॅलोजन बांधायचे. हे सगळं करणारी माणसं बहुतेक न खेळणारी असतात. बनियनचे पैसे मुंबईकर मंडळी पाठवतात, बाहेरगावच्या सामन्यांना कोणीतरी आपला टेम्पो डिझेलच्या पैशात देतो. पोराचा गुडघा निसटला तर वर्गणी काढून त्याला मुंबईच्या दवाखान्यात नेतात. असं मंडळ एखाद्या चढाईपटूला म्हणालं की, "तू आमचा आहेस," तर त्या म्हणण्यात खोटं काही नसतं. म्हणूनच जाणाऱ्याला पायरी उतरताना जड जातं.

जाणं मात्र नवं नव्हतं. कोकणातला माणूस गिरणीत भरती होत होता तेव्हापासून कबड्डीही त्याच्याबरोबर लालबाग-परळला गेली. गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जण राहायचे, पाळीवरून आले की चाळीच्या मोकळ्या जागेत खेळायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि ती वाट बंद होत गेली. पुढे खेळणाऱ्यांसाठी बँका, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा अशी नावं आली. मुंबईच्या स्पर्धांत स्थानिक मंडळांचा गट वेगळा आणि कंपन्यांचा व्यावसायिक गट वेगळा. एखाद्या जिल्हा निवड चाचणीत पोरगा डोळ्यात भरला, की सामना संपल्यावर कोणीतरी खांद्यावर हात ठेवायचा आणि मुंबईला ट्रायलला ये म्हणायचा. आधी करारावर थोडं मानधन, पुढे नशीब असेल तर कायम नोकरी.

जून 1993 मध्ये कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा सुरू झाला. वीर स्टेशन महाडच्या उंबरठ्यावर. त्या काळात या पेचाला एक मधली वाट होती, आणि मला ती आजही सर्वांत माणुसकीची वाटते. नोंदणी कंपनीकडे, पण शिमग्याला किंवा गावदेवीच्या जत्रेला पोरगा रजा टाकून यायचा आणि मंडळाचा बनियन घालून रात्रीचे सामने खेळायचा. सकाळी अंगाची माती धुऊन गाडी पकडायचा. पगारातले पैसे नव्या बनियनसाठी द्यायचा. त्याने मंडळ सोडलंय असं कोणी म्हणत नसे.

भांडण व्हायचं ते जिल्ह्यावरून. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत रायगडकडून उतरायचं, की मुंबई शहर वा उपनगरकडून? मुंबईकडून खेळलं तर निवड करणाऱ्यांच्या रोज नजरेसमोर राहता येतं, कंपनीलाही ते सोयीचं. रायगडकडून खेळलं तर गाव खूश. कित्येकांनी मुंबईचा जिल्हा घेतला आणि त्यांच्या नावापुढे गावात "फुटला" हा शब्द चिकटला. जिल्हा बदलायला लागणारा ना हरकत दाखला मंडळं अडवून ठेवायची, पोरगं खेटे घालायचं आणि मोसम निघून जायचा. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षाचा मोसम परत येत नाही. आमच्या मंडळांनी या खेळाडूंवर केलेला हा सर्वांत मोठा अन्याय आहे, असं मी जबाबदारीने लिहितो.

मुलींच्या वाट्याला तर हा पेचही फारसा आला नाही. त्यांचा संघबदल लग्नाने व्हायचा. माहेरच्या मंडळाने घडवलेली कोपरारक्षक सासरच्या गावी गेली की बहुतेक वेळा खेळच सुटायचा. तिला थांबवण्यासाठी कोणी दाखला अडवला नाही आणि खेळत राहा म्हणून कोणी गळही घातली नाही.

नव्वदीच्या शेवटापासून स्पर्धांची बक्षिसं वाढली. पुढाऱ्यांच्या नावाचे चषक आले, मालिकावीराला मोटारसायकल मिळू लागली. बक्षीस मोठं झालं तसा "पाहुणा खेळाडू" आला. अंतिम फेरी गाठायची म्हणून बाहेरचा नावाजलेला चढाईपटू एका रात्रीचे पैसे ठरवून आणायचा. ज्या मंडळाने आदल्या वर्षी आपल्या पोराला पैशासाठी गेलास म्हणून नावं ठेवली, तेच मंडळ दुसऱ्याच्या पोराला पैसे मोजून आणत होतं. आणि आणलेल्या पाहुण्यासाठी ज्याला बाहेर बसावं लागलं, तो बहुधा वर्षभर मंडळासाठी राबणारा, सोडून न गेलेला पोरगा असायचा. निष्ठेचा हिशेब इथेच चुकला. राहणाऱ्याला राहिल्याचं काय मिळतं, हे त्याने बाकावर बसून पाहिलं.

मग 26 जुलै 2014 ला वरळीच्या एनएससीआय संकुलात प्रो कबड्डी या व्यावसायिक लीगचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. त्याआधीच्या पहिल्या खेळाडू लिलावात सगळ्यांत महाग ठरलेला राकेश कुमार 12 लाख 80 हजारांना गेला होता. 2018 च्या लिलावात सहा खेळाडूंनी कोटी गाठली. मोनू गोयत 1 कोटी 51 लाखांना, आणि आपल्या मुंबईचा रिशांक देवाडिगा 1 कोटी 11 लाखांना. त्याच वर्षाच्या जानेवारीत रिशांकच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादला सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं होतं. 2023 मध्ये पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाखांहून जास्त बोली लागली.

या सगळ्यांत मला सिद्धार्थ देसाईची वाटचाल पुन्हापुन्हा आठवते. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा मुलगा 2018 मध्ये यू मुंबाकडे 36 लाख 40 हजारांना आला आणि पहिल्याच मोसमात गाजला. मुंबईच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले आणि तो गेला. आमच्याकडच्या कट्ट्यांवर तेव्हाही "मुंबईला सोडलं" असं बोललं गेलं. 2021 मध्ये त्याच संघाने पुन्हा 1 कोटी 30 लाख दिले, पण तो मोसम दुखापतीत गेला. 2022 ला त्याची किंमत 20 लाखांवर आली. 2023 मध्ये हरियाणा स्टीलर्सने परत 1 कोटी दिले. एक खांदा दुखावला की कोटीचे लाख होतात, आणि ते ठरवताना मागच्या मोसमातल्या टाळ्या कोणी मोजत नाही. यू मुंबाला 2015 चं विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार अनूप कुमारही 2018 ला जयपूरच्या रंगात दिसला, 30 लाखांत, आणि त्याच मोसमात निवृत्त झाला. संघ खेळाडूला सोडतो तेव्हा त्याला व्यवहार म्हणतात. खेळाडू संघ सोडतो तेव्हा मात्र त्याची जात काढावी तशी निष्ठा काढली जाते.

हा पेच जगभर आहे. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलला (तिकडचं फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचं) स्टेडियम भरून माणसं येतात, प्रशिक्षकांना कोट्यवधी डॉलर मिळतात, पण खेळणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची मनाई होती. 1 जुलै 2021 पासून आपल्या नावाचे पैसे कमावायला त्यांना मोकळीक मिळाली आणि त्याच वर्षी एका वर्षाची सक्तीची विश्रांती न घेता विद्यापीठ बदलण्याचीही. 2025 च्या जुलैपासून विद्यापीठंच थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टेनेसीचा तरुण क्वार्टरबॅक निको इआमालेआवा मानधनाची बोलणी फिसकटल्याच्या बातम्यांमध्ये विद्यापीठ सोडून लॉस एंजेलिसच्या यूसीएलएला गेला आणि तिकडच्या चाहत्यांनी आमच्या पारावर होते तीच चर्चा केली. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पेठेची अस्मिता इतकी, की शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकानं लवकर मिटतात. तिथेही दर मोसमाच्या नोंदणीला कोण कुठल्या तालमीत गेला याची चर्चा रंगते, आणि त्याच तालमींकडून नायजेरियाचे खेळाडूही मैदानात उतरतात. पेठेचा अभिमान आणि बाहेरचा खेळाडू एकाच मैदानात राहू शकतात, हे कोल्हापूरने स्वीकारलंय.

पण महाडला या चर्चेत आणखी एक पदर आहे, आणि तो टाळून हा मागोवा लिहिणं मला शक्य नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. त्याआधी 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोल्यांचा ठराव झाला होता, महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं होतं, तरी पाण्याला हात लावायला सत्याग्रह लागला. त्या सत्याग्रहाला आलेल्यांत मुंबईत जाऊन चार पैसे आणि ताठ मान मिळवलेली कोकणातली कितीतरी माणसं होती. पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. वतन म्हणजे काय होतं? पिढ्यानपिढ्या गावाची चाकरी करण्याची सक्ती, तीही तुटपुंज्या मोबदल्यावर. गावाशी निष्ठा हे नाव देऊन माणसाला बांधून ठेवण्याचा तो कायदेशीर प्रकार होता. ज्या नगरात ही बेडी तुटायला सुरुवात झाली, तिथे गाव सोडून जाणाऱ्या पोराला गद्दार म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

आमच्याकडचे संघ आजही वाडीवाडीचे आहेत. बौद्धवाडीचं मंडळ वेगळं, गावठाणाचं वेगळं. कबड्डी हा अंगाला अंग भिडवण्याचा खेळ. मैदानात सगळे एकमेकांना घोट्याला, कमरेला धरतात, आणि सामना संपला की आपापल्या वाडीत जातात. बौद्धवाडीतला एखादा तगडा पकडपटू रेल्वेत लागला तर त्याने नेमका कोणाचा विश्वास मोडला? कंपनीच्या संघात त्याचा पलंग इतरांच्या शेजारी होता, ताट एकाच पंगतीत होतं. हे त्याला गावच्या मंडळाने दिलं नसेल, तर ते घ्यायला तो जाणारच. आणि त्याने जावंच.

ज्यांनी जायचं नाकारलं त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. त्यांच्यातले बरेच जण महाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारीवर लागले. तीन पाळ्यांत काम, सरावाला वेळ नाही, तिशी गाठायच्या आत खेळ संपला. 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं आणि तालुक्यातलं तळिये डोंगराखाली गेलं. त्या दिवसांत चिखल उपसायला, मृतदेह बाहेर काढायला ही राहिलेलीच पोरं पुढे होती. त्यांच्या राहण्याचा गावाला उपयोग झाला. त्यांना त्याचा काय झाला, हे गावाने विचारलं पाहिजे.

आणि गेलेल्यांचंही सगळं सोन्याचं झालं असं नाही. कायम नोकरी देणारी दारं एकेक करून मिटत आली. 1 एप्रिल 2019 ला देना बँक बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली; मुंबईच्या मैदानांवर दिसणारं तिचं नाव पुसलं गेलं. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया सरकारकडून टाटांकडे गेली. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण 2005 पासून आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांचे दाखले आणि त्यांची पडताळणी लागते. गावच्या जत्रेतली मोटारसायकल तिथे चालत नाही. प्रो कबड्डीच्या 2025 च्या लिलावात अगदी खालच्या 'ड' गटाची पायाभूत किंमत 9 लाख होती. हा आकडा ऐकून आमच्याकडची पोरं अकरावीतच कॉलेज सोडायला बघतात. त्यांना कोणीतरी सांगायला हवं, की ही रक्कम एका मोसमाची आहे आणि पुढच्या मोसमाची हमी त्यात नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. वीस वर्षांच्या पोराला पक्की नोकरी किंवा चांगला करार मिळत असेल तर त्याने मंडळ सोडावं, आणि मंडळाने त्याला वाजतगाजत पाठवावं. निष्ठा मागायचीच असेल तर आधी मंडळाने ती दाखवावी. खेळाडूंचा विमा काढावा, स्पर्धांचे दाखले नीट नोंदून ठेवावेत, पाहुण्यासाठी आपला मुलगा बसवू नये, दोन वाड्यांचा मिळून एक संघ करून बघावा. यंदा नोंदणीच्या वेळी तुमच्या दारात कोणी ना हरकत दाखला मागायला आला, तर मंडळाच्या अध्यक्षांनो, सचिवांनो, त्याच दिवशी सही करून द्या.