नारायणगावकर नेमके कोण?

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फलक, आत टेबल-खुर्च्या आणि तारखांची वही. जुन्नर-आंबेगावातल्या आणि त्यापलीकडच्याही गावांचे यात्रा कमिटीवाले येतात, सुपारी ठरते, विसार दिला जातो. हनुमान जयंतीची रात्र प्रत्येक गावाला हवी आणि फड मोजके, म्हणून खरी घासाघीस त्या तारखेवर. फलक वाचत गेलं की ढवळपुरीकर, करवडीकर, सांगवीकर, सातारकर, नारायणगावकर अशी माळच लागते.

या ‘कर’वरून कलावंताचं जन्मगाव शोधायला जाणारा हमखास फसतो. विठाबाई नारायणगावकर १९३५ साली जन्मल्या त्या पंढरपुरात. कांताबाई सातारकर तर मूळ गुजरातच्या. बालपण साताऱ्यात गेलं, फड मात्र संगमनेरकडे स्थिरावला आणि शेवटपर्यंत त्या सातारकरच राहिल्या. तमाशात आडनाव ही फडाची पेढी असते. पाटलाला कलावंताचं मूळ गाव नको असतं. गेल्या साली ज्या नावानं यात्रा गाजवली, ते नाव हवं असतं.

गावापेक्षा नाव जास्त टिकतं, याचा दाखला शेजारीच आहे. आंबेगाव हे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं, कारभार घोडेगावातून चालतो, तालुका मात्र अजून आंबेगावच!

विठाबाईंचं घराणं खुड्यांचं. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. आजोबा नारायण आणि गाव नारायणगाव, हा निव्वळ योगायोग. पुढे भाऊ आणि बापू या बंधूंनी तो नावारूपाला आणला आणि खुडे हे आडनाव फलकावरून उतरलं. उरलं ते ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’. जात फलकावर उघड लिहिलेली. मला त्यात लाचारी दिसत नाही. ज्या गावात वस्ती वेशीबाहेर होती, तिथेच हे नाव गॅसबत्तीच्या उजेडात मिरवत होतं.

‘भाऊ’ आणि ‘बापू’ मात्र संशोधकाचा घाम काढतात. पठ्ठे बापूराव वेगळे: वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण घर सोडून तमाशात आलेले हे शाहीर १९४५ साली गेले. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. त्यांचं मूळ नाव तुकाराम, वडील भाऊराव. आणि कांताबाईंच्या जोडीचे फडमालक तुकाराम खेडकर! तेव्हा नुसतं ‘बापूंचा वग’ किंवा ‘तुकारामाचा तमाशा’ ऐकून कुणी निष्कर्ष काढू नये. आधी गाव विचारावं, मग फड. काळू-बाळूंचं तर आणखीच वेगळं. कवलापूरचे हे जुळे भाऊ, लहू आणि अंकुश खाडे. प्रेक्षकांना ही नावं ठाऊकही नसतात.

‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ या फलकाकडे नीट पाहिलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. जोडनावातला भाऊ बापूचा भाऊ होता. इथला भाऊ विठाबाईंचा बाप आहे. चुलते गळाले, वडील राहिले, गाव राहिलं. प्रयोग चालू असताना बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पदकानंही त्यांचा गौरव झाला. कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड काढला तेव्हा त्या करवडीकर झाल्या. आईचं नाव त्यांच्या जाहिरातीत राहिलं, आडनावात नाही. उलट विठाबाईंच्याच दुसऱ्या कन्या मालती इनामदार यांच्या फलकावर नारायणगावकर आहेच.

विठाबाई २००२ च्या जानेवारीत गेल्या. पुढे राज्य सरकारनं त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो कांताबाई सातारकरांनाही मिळाला. पुरस्काराच्या नावात ‘भाऊ’ नाही आणि ‘मांग’ही नाही. सरकारी मसुदा करताना ती दोन नावं कुणी आणि का काढली, हे विचारायला हरकत नसावी.