लेखांक ६ : वजनकाट्यावर न दिसणारी खूण

वारेतून गर्भाला पोषण कसे पोहोचते, हे मागील लेखांकात पाहिले. परंतु गर्भाची वाढ का खुंटते याचे पुरते उत्तर वारेत सापडत नाही. ते पुष्कळदा जनुकांच्या अभिव्यक्तीत, म्हणजे जनुकात नोंदलेली माहिती वाचून पेशी त्याबरहुकूम प्रथिन घडवते त्या क्रियेत, शोधावे लागते.

गर्भवाढीत आयजीएफ-२ या जनुकाचे स्थान मोठे आहे. अकराव्या गुणसूत्रावरील या जनुकाच्या दोन प्रती बाळाला मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून; मात्र गर्भाच्या बहुतेक ऊतींत वडिलांकडचीच प्रत वाचली जाते आणि आईकडची मिटलेली राहते. या पक्षपाताला जनुकीय ठसांकन म्हणतात, आणि तो घडवतात डीएनएला चिकटणारे मिथिल गट, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचे चिमुकले पुंजके. मिथिल गट सामान्यतः जनुक बंद करतात. येथे व्यवहार काहीसा उफराटा आहे, कारण जनुकाशेजारच्या नियंत्रक भागावर ते असले, तर तेथे अडसर होणारे प्रथिन बसू शकत नाही आणि वडिलांकडची प्रत चालू राहते. ते गळून गेले, तर दोन्ही प्रती मिटतात. सिल्व्हर-रसेल लक्षणसमूहाच्या पुष्कळ बालकांत असेच घडलेले असते : अंग किरकोळ, डोके मात्र त्या मानाने मोठे. जनुकाचे एकही अक्षर बदललेले नसते. बदललेले असते ते वाचन.

उपासमारीने असे वाचन बदलते काय, याचा पुरावा नेदरलँड्समध्ये मिळाला. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम भागातील शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली गेला. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या आयजीएफ-२ जनुकाच्या एका भागावर सुमारे सहा दशकांनंतरही त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी मिथिल गट आढळले, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. यातील खरी मेख पुढे आहे. गर्भारपणाच्या अखेरीस उपासमार सोसलेल्यांचे जन्मवजन घटले होते, पण त्यांच्यात हा फरक सापडला नाही. खूण उमटली ती जन्मवजन साधारण असलेल्यांवर. म्हणून कमी जन्मवजन ठरवण्याची २,५०० ग्रॅमची प्रचलित मर्यादा उपयुक्त असली, तरी गर्भावर काय गुदरले याची ती साक्षीदार नव्हे.

पुण्याजवळील सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून केलेला अभ्यास जनुकांचा नसून शरीरघडणीचा होता, तरी काट्याविषयीची हीच शंका त्यातून बळावते. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या अर्भकांहून बरेच कमी भरले. स्नायू व पोटातील अवयवही लहान होते, परंतु खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेच्या घडीतील चरबी त्या मानाने फारच थोडी घटलेली होती.